शागिर्दाच्या वाट्याचा धोका

बारामती-इंदापूरच्या गावांना शिकाऊ विमानांचा आवाज आता नवा राहिलेला नाही. शेतातला माणूस मान वर करतो तो काही बिघडले तरच. ९ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी बारामतीच्या विमानतळावर उतरताना एका प्रशिक्षण विमानाचे पुढचे चाक निखळले. विमान बाजूच्या मातीत गेले. वैमानिक सुखरूप राहिला. त्याआधी २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात एक विमान कोसळले होते. त्यात एकटीच असलेली २२ वर्षांची विद्यार्थिनी किरकोळ जखमांवर बचावली.

अशा वेळी आपण 'नशीब' म्हणतो, 'शाबास' म्हणतो आणि विषय मिटवतो. पण एक प्रश्न उरतोच. शिकणाऱ्याच्या वाट्याला किती धोका देण्याचा हक्क शिकवणाऱ्याला आहे?

विमान उतरवताना आधी मागची दोन चाके टेकवायची असतात, मग पुढचे चाक अलगद खाली आणायचे असते. नवशिक्याचे नाक आधी आपटले तर पुढच्या चाकावर भार येतो. ही चूक त्याच्या हाताची. तिच्यासाठीच उस्ताद शेजारी बसतो, त्याच्यापुढेही विमान सांभाळण्याची सोय असते. एक दिवस तो खाली उतरतो आणि शागिर्दाला एकट्याने पाठवतो. हा धोका टाळला तर तालीमच होणार नाही.

परंतु धातूच्या आतली चीर शागिर्दाच्या हातातली नाही. उड्डाणापूर्वी तो विमानाभोवती फिरून पाहतो, पण डोळ्यांना दिसेल तेवढेच. बाकी सारे दुसऱ्यांवरचा भरोसा असतो. कोणी म्हणेल, कितीही जपले तरी लोखंड झिजतेच. खरे आहे. प्रत्येक बिघाड हा गुन्हा नव्हे, आणि वरच्या घटनांत दोष कोणाचा हे ठरवणे माझे काम नाही. तरीही विचारावे लागते: आधीची तक्रार कोणी वाचली होती का? आणि 'आज मी हे विमान नेणार नाही' असे शागिर्दाला निर्भयपणे म्हणता येते का?

म्हणणे सोपे नसते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास भरावे लागतात. घरच्यांनी लाखो रुपये ओतलेले असतात. नकार दिला की तास बुडतो, शिवाय भित्रा ठरण्याची धास्ती. ज्याला 'नाही' म्हणणे परवडत नाही, त्याच्या 'हो'ला संमती कसे म्हणावे?

आम्हा शिक्षकांकडे आईबाप मूल सोपवतात ती अमानत असते. वर्ग जमिनीवर असो की आकाशात, त्या मुलाचा नकार स्वस्त करणे हे उस्तादाचे पहिले कर्तव्य आहे. तास बुडाला तर भरून काढता येतो. मुलाच्या धाडसाचे कौतुक जरूर करावे, पण त्या कौतुकाने मोठ्यांचे देणे फिटत नाही.