एकांत आणि एकटेपण

एकांत आणि एकटेपण हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. एकांत माणूस मागून घेतो. एकटेपण त्याच्या वाट्याला येते. प्रार्थना दोन्हींत करता येते. म्हणून दोन्ही सारखेच पवित्र मानायचे का?

जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाचा इतिहास वाचताना हा प्रश्न टोचू लागतो. आर्चबिशप मेनेझिस यांनी स्थापन केलेल्या या मठाचे बांधकाम १६०६ मध्ये सुरू झाले आणि १६२७ मध्ये पूर्ण झाले. इथल्या धर्मभगिनी ऑगस्टिनियन पंथाच्या. त्या काळी सगळ्याच मुली स्वखुशीने मठात जात असे नाही; पण तिथला एकांत निदान सोबतीचा होता. ठरल्या वेळी घंटा होई. समोरासमोर दोन बाजूंना बसून लॅटिन स्तोत्रे आळीपाळीने म्हटली जात. एका बाजूने एक ओळ म्हणायची, दुसरीने पुढची.

पोर्तुगालने १८३४ मध्ये पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले. पुढच्या वर्षी तो हुकूम गोव्यात लागू झाला. धर्मभगिनींना कुणी बाहेर काढले नाही. फक्त नव्या मुली घेण्यास बंदी झाली. वरवर दयाळू वाटणाऱ्या या निर्णयाने मठ एकेका मृत्यूनिशी रिकामा होत गेला. शेवटची धर्मभगिनी १८८५ मध्ये वारली.

समोरची बाजू ओस पडल्यावरही तिची प्रार्थना पोचत असणार, यात आपल्याला शंका नाही. एकट्याने नमाज पढणाराही शेवटी उजवीकडे आणि डावीकडे सलाम करतोच. पण ईश्वर ऐकतो म्हणून पुढची ओळ म्हणायला माणूस नको, असे कसे म्हणता येईल? माणसाने द्यायची सोबत आपण देवावर ढकलू शकत नाही.

आपल्याही घरांत म्हातारी माणसे कोपऱ्यात बसलेली असतात. कुणाच्या हातात तसबीह, कुणाच्या जपमाळ, कुणाच्या रोझरी. ‘तिचे बरे चालले आहे, ती देवाच्या नावात रमली आहे,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. बंदीचा हुकूम कुणी काढलेला नसतो, तरी तिच्या खोलीकडे वळणारी पावले कमी होत जातात. तिने एकांत मागितला आहे, की आपण तिला एकटे पाडले आहे? हे तिलाच विचारायला हवे. आणि विचारायचे तर तिच्याजवळ जाऊन बसावे लागेल.