बालकाची साक्ष आणि आप्तवाक्याचा प्रश्न

दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाला न्यायदर्शन स्वतंत्र प्रमाण मानते. त्याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि ज्याच्या शब्दावर विसंबावे त्याला आप्त. आप्त कोणाला म्हणावे, याचे उत्तर न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने मोठ्या उदारपणे दिले आहे. ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. जन्माची किंवा विद्येची अट यात नाही, वयाचीही नाही. म्हणजे जाणणे आणि खरे सांगण्याची इच्छा, एवढेच पुरे. लहान मुलांच्या साक्षीवरून निरपराध माणसाला शिक्षा होते, तेव्हा या दोहोंपैकी काय उणे पडलेले असते?

कायद्याने शतकानुशतके दुसऱ्याच गोष्टीकडे, म्हणजे इच्छेकडे पाहिले. मनुस्मृती बालकाला साक्षीदारांतून वगळते आणि दुसरा साक्षीदार नसेल तर पुन्हा आत घेते. इंग्लंडमध्ये १७७९ साली ब्रेझियर खटल्यात न्यायाधीशांनी ठरवले की साक्षीला वयाची ठरावीक मर्यादा नाही. शपथेचा अर्थ आणि खोट्या शपथेचा परिणाम मुलाला कळतो का, एवढेच पाहायचे. ही कसोटी मुळात धार्मिक आहे: देवाच्या शिक्षेचे भय असलेला खोटे बोलणार नाही. भारतात १८७२ च्या पुरावा कायद्याने प्रश्न समजण्याची आणि सुसंगत उत्तर देण्याची क्षमता पुरेशी मानली, आणि १९६९ च्या शपथ कायद्याने बारा वर्षांखालील मुलांना शपथेतून सूट देण्याची वाट ठेवली. महाराष्ट्रातल्या एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले की विश्वासार्ह बालसाक्षीवर शिक्षा आधारता येते, मात्र मूल पढवलेले नाही ना याची खबरदारी हवी. ‘पढवलेला साक्षीदार’ हा कोर्टातला नेहमीचा शब्द. त्यात पढवणारा कोणीतरी आहे आणि तो जाणूनबुजून पढवतो, हे गृहीत असते. घोटाळा नेमका इथे आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेपलवूड इथल्या ‘वी केअर’ नर्सरीचे प्रकरण पाहावे. १९८५ साली डॉक्टरांकडे ताप मोजून घेताना चार वर्षांचा एक मुलगा आपल्या शिक्षिकेबद्दल काहीतरी बोलला. तेवढ्यावरून चौकशी सुरू झाली आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले गेले. बाकीच्यांनी सगळे सांगून टाकले आहे, शिक्षिका तुरुंगात आहे, असे त्यांना सांगितले जाई. ‘नाही’ म्हणणाऱ्याला तोच प्रश्न परत विचारत. ‘हो’ म्हणणाऱ्याचे कौतुक होई. आरोप वाढत गेले. १९८८ मध्ये ज्यूरीने त्या तरुण शिक्षिकेला अत्याचाराच्या ११५ आरोपांत दोषी ठरवले आणि तिला ४७ वर्षांची शिक्षा झाली. या साऱ्यात पढवणारा शोधू गेले तर सापडत नाही. पालक घाबरलेले होते, चौकशी करणारे मुलांना वाचवायला निघालेले होते. मुलेही खोटे बोलत नव्हती.

मुलांच्या मनात काय घडत असावे, ते मिशेल लिच्टमन आणि स्टीफन सेसी या मानसशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या प्रयोगात दिसते. सॅम स्टोन नावाचा माणूस बालवर्गात आला, दोनेक मिनिटे थांबला आणि निघून गेला. काहीच घडले नाही. काही मुलांना तो वेंधळा असल्याच्या गोष्टी आधीच सांगून ठेवल्या होत्या, आणि नंतरच्या काही आठवड्यांत ‘त्याने पुस्तक मुद्दाम फाडले की चुकून?’ अशा धर्तीचे प्रश्न त्यांना विचारले गेले. अखेरच्या मुलाखतीत थेट विचारल्यावर या गटातल्या तीन-चार वर्षांच्या ७२ टक्के मुलांनी सॅमने निदान एक तरी नुकसान केल्याचे सांगितले. ज्यांना काहीच सुचवले नव्हते ती त्याच वयाची मुले मात्र बहुतेक बरोबर बोलली. पुढे या मुलाखतींच्या चित्रफिती जाणकारांना दाखवल्या, तर खरे सांगणारे मूल कोणते हे त्यांनाही नीट ओळखता आले नाही.

नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर मुलाची सांगण्याची इच्छा शाबूत असते; गेलेले असते ते प्रत्यक्ष जाणणे. त्याच्या जागी प्रश्नकर्त्याचा शब्द येऊन बसतो आणि मुलाला तोच स्वतःचा अनुभव म्हणून आठवतो. स्मृतीला न्यायदर्शन प्रमाण मानत नाही, कारण तिचा खरेपणा मूळ अनुभवाकडून उसना आलेला असतो. इथे उसने देणारा अनुभवच नाही, तरी स्मृती आहे.

‘मुले खोटे बोलत नाहीत’ ही ‘वी केअर’ प्रकरणाच्या काळातली घोषणा मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यासारखी वाटते: ज्ञान मुळातच प्रमाण, त्याला वेगळा आधार नको. पण मीमांसकही एक अट घालतात. ज्ञानाच्या कारणांत दोष आढळला, तर ते प्रामाण्य टिकत नाही. घोषणा देणाऱ्यांनी ही अट सोडून दिली. दोष मुलात शोधला, तो सापडला नाही, आणि प्रश्न विचारणारा त्या कारणांचाच एक भाग आहे हे कोणाच्या ध्यानी आले नाही. उलटतपासणीही इथे थिटी पडते. ती लबाडी उघडी पाडते. प्रामाणिक चूक तिच्यापुढे ठाम उभी राहते. तरीही बालसाक्षीवर सरसकट अविश्वास हा उपाय नव्हे. त्याने खरोखर अत्याचार सोसलेल्या मुलाचे तोंड बंद होईल, आणि न सुचवता विचारले तर लहान मूलही पुष्कळ अंशी आप्तच असते.

‘वी केअर’च्या शिक्षिकेची ती शिक्षा १९९३ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केली. १९९४ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम करताना सुरुवातीच्या मुलाखती ध्वनिमुद्रित न केल्याबद्दल ताशेरे ओढले. खटला पुन्हा चालवायचा असेल, तर दूषित प्रश्नांनंतरही मुलांची जबानी विश्वासार्ह उरली आहे हे सरकारने आधी सिद्ध करावे, असे त्याने सांगितले. त्याच वर्षी आरोप मागे घेण्यात आले. तोवर शिक्षिकेची पाच वर्षे तुरुंगात गेली होती.

भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलाला वारंवार साक्षीला बोलावण्यास मनाई केली आणि वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारण्याची सोय केली. दोन्ही तरतुदी कोर्टातल्या आहेत, आणि मुलाची स्मृती घडते किंवा बिघडते ती त्याच्या कितीतरी आधी. पोलिसांपुढचा जबाब दृक्-श्राव्य माध्यमातून नोंदवावा असेही हा कायदा म्हणतो, पण ‘शक्य असेल तेथे’. ही नोंद सक्तीची व्हायला हवी, आणि तीत मुलाच्या उत्तराइतकाच विचारणाऱ्याचा प्रश्नही ऐकू यायला हवा.