सुभद्रा काय जेवली?

गर्भसंस्काराच्या वर्गांना सध्या बरे दिवस आले आहेत. मंद वीणावादन, मंत्रपठण, गाईचं तूप, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र आणि शेवटी हमी: मूल तेजस्वी निपजेल. ज्यांना परवडतं त्यांनी ते जरूर करावं, वीणा ऐकून आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. पण परवा अशाच एका वर्गाच्या संचालिका भर व्याख्यानात शाळेतल्या अंड्यावर घसरल्या. तामसी अन्नानं बुद्धी मंद होते म्हणे. आपल्या आज्या-पणज्या भाकरी-ठेच्यावर राहिल्या आणि तरी हुशार मुलं जन्माला घालत होत्या, हा त्यांचा पुरावा. ज्या पणज्या दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात गेल्या, त्यांची साक्ष अर्थातच कुणी काढत नाही. अभिमन्यूचा दाखला तर ठरलेलाच. सुभद्रेला ऐकता ऐकता झोप लागली, म्हणून चक्रव्यूहातून बाहेर पडायची युक्ती पोराला कळली नाही, असा ठपका आपण पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर ठेवत आलो. दोन जिवांच्या बाईला बसल्या जागी डुलकी का लागते, तिच्या अंगात रक्त किती होतं, त्या दिवशी ती काय जेवली होती, हे मात्र एकाही कीर्तनकारानं विचारलं नाही.

हा वाद नुसता व्याख्यानापुरता असता तर मी त्यावर शाई खर्च केली नसती. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं. लगेच विरोधाची पत्रं निघाली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि हवं तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं. ज्या गावात शाळेच्या गळक्या छपरासाठी वर्गणी जमत नाही, तिथं ती अंड्यासाठी जमेल, हा विश्वास कौतुकास्पद आहे.

आता बुद्धीकडे येऊ. वेल्लोरच्या डॉ. जाधव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली ‘लॅन्सेट’मध्ये काही तान्ह्या बाळांची हकीकत छापली. बाळं जन्मतः ठीक होती, आईच्या दुधावर वाढत होती. काही महिन्यांनी त्यांचं हसू मावळलं, शिकलेल्या हालचाली विसरल्या, कातडी काळवंडली, हातपाय आपोआप हलू लागले. आया शाकाहारी होत्या आणि त्यांच्या दुधातच बी-१२ तुटपुंजं होतं. ते जीवनसत्त्व दिल्यावर बाळं सुधारली. वनस्पती बी-१२ बनवत नाहीत, ते बनवतात जिवाणू. आपल्यापर्यंत ते पोचतं दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून. मज्जातंतूंवरचं आवरण नीट राहायला ते लागतंच. म्हणजे ‘सात्त्विक आहारानं मेंदू फुलतो’ या सिद्धांताला छेद देणारा पुरावा साठाहून जास्त वर्षं छापील पडून आहे.

पुण्याचा पुरावा तर आणखी घरचा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला. गरोदरपणी सुमारे दोन तृतीयांश बायकांचं बी-१२ कमी निघालं. फोलेट हे जीवनसत्त्व कमी असलेली मात्र एकच सापडली. पालेभाजी आणि डाळ ताटात होती, वर सरकारी गोळीतूनही फोलेट मिळत होतं. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या आयांचं बी-१२ सर्वांत कमी होतं आणि ज्यांचं सर्वांत जास्त होतं, अशा दोन टोकांच्या मुलांची परीक्षा घेतली. लक्ष टिकवून करायच्या एका कामाला पहिल्या गटाला सरासरी १८२ सेकंद लागले, दुसऱ्याला १५९. उलटे आकडे म्हणण्यातही पहिला गट मागे पडला.

इथे माझ्या बाजूची मंडळी टाळ्या वाजवतात आणि निबंध मिटतात. पुढची ओळ वाचत नाहीत. त्याच अभ्यासात बुद्धिमत्तेच्या कसोटीत दोन गटांत फरक आढळला नव्हता. म्हैसूरला असाच तपास झाला, तिथे आईच्या बी-१२चा आणि मुलाच्या आकलनाचा ठोस संबंध दिसला नाही. नेपाळमध्ये भक्तपूरला तान्ह्या मुलांना वर्षभर रोज बी-१२ दिलं, त्यांच्या विकासात फरक पडला नाही. तिथेच पुढे गरोदर बायकांना दिलं, तरी पडला नाही. पुण्याच्या त्याच कुटुंबांतल्या मुलामुलींना लग्नाच्या कितीतरी आधीपासून बी-१२ दिलं, तेव्हा त्यांच्या दोन वर्षांच्या लेकरांमध्ये आकलन आणि भाषा थोडी बरी दिसली. पण तो गट अगदीच लहान. गर्भ राहण्याआधी सुरुवात केली तरच उपयोग होत असेल, हे शक्य आहे. कारण गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. तरीही ‘अंडं द्या, मूल हुशार होईल’ असं छातीठोकपणे सांगणं म्हणजे संचालिकाबाईंचीच हमी, फक्त वीणा वजा केलेली.

आणि अंड्याचा हिशेबही अंड्याच्या भक्तांनी एकदा मांडावा. एका अंड्यात बी-१२ सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम, त्यातलंही शरीर थोडंच घेतं. पाव लिटर दुधात ते याहून जास्त असतं आणि अंगीही जास्त लागतं. अंड्यात प्रथिनं आहेत, कोलीन आहे, ते मुलाला द्यावंच. पण बी-१२साठी भांडायचं तर दुधासाठी भांडावं लागेल. तिथे विरोधकांचीही पंचाईत होते. ‘अंडं नको, आम्ही शाकाहारी’ म्हणणाऱ्या एकाही पत्रात ‘त्याऐवजी रोज पाव लिटर दूध द्या, आम्ही पैसे उभे करतो’ असं वाक्य मला सापडलेलं नाही. गावातलं दूध पहाटे डेअरीवर जातं, फॅट लागते, पंधरवड्याला पैसे येतात. घरी उरतं ते चहापुरतं, आणि त्यातला कप आधी कुणाला मिळतो हे वाचकांना ठाऊक आहे.

पोषणयुक्त तांदळाच्या जाहिरातदारांचाही हिशेब होऊन जाऊ दे. किलोभर तांदळात बी-१२ पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य. ते सगळं तांदळाचंच घेतलं तरी महिनाभरात फार तर सव्वासहा मायक्रोग्रॅम पोटात जातं. मोठ्या माणसाची गरज रोजची सव्वादोनच्या आसपास. म्हणजे महिन्यातल्या तीन दिवसांचीही सोय नाही. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून त्यात मिसळलेले पोषणयुक्त दाणे वेचून फेकणाऱ्या बाईला आपण अडाणी म्हणतो. तिनं फेकलं ते फार काही नव्हतं.

मग भांडायचं कशाच्या जोरावर? मला या वादात सतत आठवतात त्या लुसी विल्स. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेल्या, नंतर डॉक्टर झालेल्या या बाई १९२८ साली मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पंडुरोगानं पांढऱ्याफटक पडत आणि मरत. बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी चालू होती, तिच्यासाठी डॉ. मार्गारेट बॅलफोर यांनी विल्सबाईंना बोलावलं. हाफकिन संस्थेत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. जंतू असेल, जंतुदोष असेल, असे संशय घेऊन झाले. मग त्या कुठल्या थरातल्या बायका काय खातात हे पाहू लागल्या. सर्वांत निकृष्ट जेवण गरीब मुसलमान बायकांचं होतं आणि आजारही त्यांनाच सर्वाधिक होता. उंदरांवर प्रयोग झाले, माकडांवर झाले. शेवटी गुण आला तो मार्माइटनं, म्हणजे बिअरच्या भट्टीत उरलेल्या यीस्टच्या स्वस्त अर्कानं. १९३१ साली त्यांनी तो निष्कर्ष छापला. यीस्टमधला तो अनामिक पदार्थ बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला, तोच पुढे फोलेट निघाला. गर्भसंस्काराच्या वर्गाला बसलेली प्रत्येक सून पर्समध्ये फॉलिक अॅसिडची जी गोळी बाळगते, तिचं कूळ बिअरच्या गाळात आहे, हे संचालिकाबाईंना कुणीतरी हळूच सांगायला हवं.

पण विल्सबाई मला आठवतात त्या या गमतीसाठी नव्हे. त्यांना बाळाच्या बुद्ध्यांकाची चिंता नव्हती. समोर एक बाई मरते आहे, तिच्या ताटात काहीतरी कमी आहे, ते शोधून तिला द्यायचं, एवढंच त्यांचं काम होतं. आज आपण, दोन्ही बाजूंचे लोक, आईला मुलाच्या मेंदूपर्यंत पोचायची वाट समजतो. एक पक्ष त्या वाटेवर मंत्र शिंपडतो, दुसरा जीवनसत्त्वं. बी-१२ कमी असलेल्या बाईच्या स्वतःच्या हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, जीव थकतो, नाव विसरतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. त्यांतल्या कितीतरी जणी आज गरोदर नाहीत, उद्याही होणार नाहीत. त्यांना अन्न मिळावं यासाठी एखाद्या न जन्मलेल्या अभिमन्यूची शिफारस कशाला लागावी? मुलाला फायदा झाला तर उत्तमच. नेपाळसारखा आणखी एखादा प्रयोग फसला, तरी बाईची भूक खोटी ठरत नाही.

गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. शाळेतल्या मुलींच्या आठवड्याच्या निळ्या गोळीतही तेच. बी-१२ दोन्हींत नाही. पुण्याच्या गावांत जे कमी नव्हतं ते आपण भरपूर देतो आणि जे कमी होतं ते देत नाही. वर नुसतं फॉलिक अॅसिड दिलं की रक्ताचा अहवाल सुधारतो, बी-१२ची उणीव झाकली जाते आणि नसांची खराबी आत चालूच राहते. कारखान्यात बी-१२ जिवाणूंकडूनच करून घेतात. त्यात ना अंडं, ना मांस, तेव्हा सात्त्विक मंडळींचीही हरकत उरू नये. सरकारनं ते आधी निळ्या गोळीत घालावं, मग लाल गोळीत. अंड्याचा थांबवलेला निधी पुन्हा सुरू करावा, आणि ज्या मुलीला अंडं चालत नाही तिला त्या दिवशी ग्लासभर दूध द्यावं, तेही शाळेतच, तिच्या हातात.