किंमत आणि दान



सम्यक आजीव हे आर्य अष्टांगिक मार्गाचे पाचवे अंग, हे दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घराने ऐकलेले असते. शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले. आपल्यापैकी बहुतेकांचा या धंद्यांशी संबंध नाही, म्हणून या अंगाविषयी आपण निश्चिंत असतो. पण विकणाऱ्यालाच आजीव आहे आणि विकत घेणाऱ्याला नाही काय? परमपूज्य बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उपजीविकेची कसोटी सांगितली, ती दुसऱ्याला इजा व अन्याय न होण्याची. अन्याय जर गिऱ्हाइकाच्याच पैशावर चालत असेल, तर गिऱ्हाईक त्या कसोटीतून सुटतो कसा?

हा प्रश्न मी कॉफीच्या निमित्ताने मांडतो. आपल्या घरांत अजून चहाच चालतो, हे खरे. पण शिकून पुण्या-मुंबईला, बंगळूरला नोकरीस लागलेली आपली मुले-मुली आता भारी कॉफीची पाकिटे घरी आणू लागली आहेत. पाकिटावर डोंगर असतो, हसणारी आदिवासी बाई असते, आणि ही कॉफी घेतल्याने गरीब शेतकऱ्याला मदत होते, अशी एक ओळ असते.

आंध्र प्रदेशातील अराकूचे खोरे घ्या. तेथे पूर्व घाटात आदिवासी कुटुंबे जमिनीच्या लहान तुकड्यांवर, मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी पिकवतात. त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवतात. कॉफीची फळे एकदम पिकत नाहीत. लाल झाली तेवढीच हाताने वेचायची आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच झाडाशी यायचे. हिरवे फळ मिसळले की चव बिघडते. म्हणजे शहरातला माणूस ज्या चवीला जास्त पैसे मोजतो, ती त्या बाईच्या बोटांपासून सुरू होते. साधारण सहा किलो फळांतून एक किलो बी निघते. भाजल्यावर तेही घटते. आणि एवढे झाल्यावर भावाचा कल ठरतो न्यूयॉर्कच्या बाजारात! 1989 साली आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोट्याची व्यवस्था मोडली आणि जगभर भाव कोसळले. 2001 च्या सुमारास अनेक देशांत लहान शेतकऱ्यांचा खर्चही निघेना. 2025 मध्ये तेच भाव विक्रमी चढले. पण घरात तांदूळ आणण्यासाठी ज्याने पीक हाती येण्याआधीच व्यापाऱ्याकडून उचल घेतली, त्याला चढ्या भावाचा काय उपयोग? त्याचा भाव उचल घेतली त्याच दिवशी ठरलेला असतो. आदिवासींना या पकडीतून सोडवण्यासाठी 1956 साली आंध्रात गिरिजन सहकारी महामंडळ स्थापन झाले. योगायोगाने आपल्या दीक्षेचेही तेच वर्ष. पुढे 2017 मध्ये पॅरिसला अराकूच्या नावाचे दुकान निघाले, 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मोठे झाले, चांगलेच झाले.

आता अशी कॉफी जास्त पैसे देऊन घेणारा मनात म्हणतो, मी दान केले. येथे मला त्याला थांबवावेसे वाटते. दान ही पारमिता आहे. पण दान होते ते आपल्या मालकीच्या वस्तूचे. कष्टाचा मोबदला कष्ट करणाराचाच असतो. तो दिला, यात दान कसले? हा फरक आपल्याला परक्याने शिकवायला नको. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी मेलेली ढोरे ओढली, वेस राखली, सरकारी निरोप घेऊन गावोगाव पायपीट केली. आणि सुगीत खळ्यावर बलुत्यासाठी हात पसरून उभे राहिले. देणारा म्हणे, मी देतो म्हणून तू जगतोस. कामाचे देणे होते, त्याला भिकेचे रूप दिले होते. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते यासाठीच. नुसता पोटाचाच प्रश्न असता तर चार पेंढ्या वाढवून मागणे पुरले असते.

तेव्हा पाकिटावरच्या त्या बाईकडे पाहून तुम्हाला दयेचा उमाळा येत असेल, तर जरा सावध व्हा. आपण तिला खळ्यावर उभी करत आहोत आणि स्वतः पाटलाच्या जागी बसत आहोत.

ज्याला महाग कॉफी परवडत नाही त्याने ती घेऊ नये. त्यात शीलभंग नाही. ज्याला परवडते त्याच्याविषयी हे बोलणे आहे.

पाकिटावर न येणारी आणखी एक माणसे आहेत. चिकमगळूर-कोडगूच्या मळ्यांत वेचणीला मजूर येतात. त्यांत दलित आणि आदिवासी पुष्कळ, आणि स्वतःची जमीन बहुतेकांना नाही. चांगला भाव बागवाल्यापर्यंत पोचला म्हणजे त्यांची मजुरी वाढली, असे होत नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर रजा द्यावी. हा उपदेश सिगाल नावाच्या एका गृहस्थाच्या मुलाला केलेला आहे, भिक्खूंना नव्हे.

तुमच्या मुलाने पुढच्या वेळी पाकीट आणले, तर त्याला दुकानदाराला विचारायला सांगा: शेतकऱ्याला किलोमागे किती दिले? केव्हा दिले, माल घेताना की सहा महिन्यांनी? वेचणाऱ्या बाईची रोजची मजुरी किती? काही विक्रेते शेतकऱ्याला दिलेला भाव स्वतःच छापतात, म्हणजे तो सांगता येतो. ‘त्यांना मदत होते’ एवढेच उत्तर आले, तर आकडा पुन्हा विचारायला सांगा.