विचारलंत, तर उत्तरही द्या

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. पांढुर्ण्याचे लोक तो न्यायला येतात, सावरगावचे अडवतात, आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. हीच गोटमार. तिच्यात दर वर्षी कितीतरी माणसं जखमी होतात. काहींचे जीवही गेले आहेत. प्रशासनाने एकदा रबरी चेंडू देऊन पाहिले, पण दगड परत आले.

त्या सावरगावात कल्पिलेली ही गोष्ट.

पोळा जवळ आला तशी जाणती मंडळी देवळाच्या सभामंडपात जमली. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "यंदा पोरांनाही विचारू."

"पोट्ट्यायले काय समजते?" कोणीतरी म्हणालं.

"त्यांच्यावर काय बेततं ते त्यांनाच समजतं," गुरुजी म्हणाले. "संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्कांची संहिता मंजूर केली, १९९२ मध्ये भारताने ती स्वीकारली. मुलांशी संबंध असलेल्या प्रत्येक बाबतीत त्यांना मत मांडू द्यावं आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावं, असं तिचं बारावं कलम सांगतं. गोटमारीचा मुलांशी संबंध नाही, असं कोण म्हणेल?"

कोणी म्हणालं नाही.

गुरुजींनी मुलांना थेट बैठकीत उभं केलं नाही. आधी शाळेच्या पडवीत बसवलं. मुली वेगळ्या, मुलगे वेगळे, लहानगे वेगळे. कशासाठी विचारतो आहोत ते सांगितलं. बोलायचं नसेल तर बोलू नका, आणि कोण काय बोललं ते बाहेर जाणार नाही, असा शब्द दिला. मग मुलांनीच सातवीतल्या एका मुलीला आपल्या वतीने बोलायला निवडलं.

बैठकीत ती कागद घेऊन उभी राहिली. "दगडांचे ढीग आदल्या दिवशी आमच्याकडून गोळा करून घेतात. ते आम्हाला नको. गोटमारीच्या दिवशीच आमचा तान्हा पोळा असतो, पण लाकडी बैल घेऊन बाहेर निघायची भीती वाटते. एकाच्या बाबांना दगड लागला. त्यांची मजुरी बुडाली आणि पट्टी बदलायला त्याला शाळा बुडवून घरी राहावं लागलं. दगड बंद व्हावेत, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. काहींना तसं वाटत नाही, तेही मी लिहिलं आहे."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कोणी "शाब्बास" म्हणालं, कोणी बिस्किटांचे पुडे मागवले. बैठक उठू लागली.

मुलगी जागची हलली नाही. "आबाजी, मंग आमचं काय ठरलं?"

सगळ्यांत वडीलधारे आबाजी पुन्हा खाली बसले. त्यांच्यामागे बाकीचेही बसले. त्या दिवशी मग खरी चर्चा झाली. शेवटी आबाजी म्हणाले, "बेटा, दोन गोष्टी आत्ताच ठरल्या. लेकरांकडून कोणी दगड गोळा करून घेणार नाही. तान्हा पोळा सकाळीच नदीपासून लांब, शाळेच्या मैदानात भरेल, तिथे आम्ही मोठे थांबू. दगड बंद करणं मात्र आमच्या एकट्याच्या हातात नाही. पांढुर्ण्याच्या मंडळींसोबत बसावं लागेल. ती बैठक पोळ्याआधी लावू, आणि तिथे तुम्हीही या."

मुलीने तिन्ही उत्तरं कागदावर उतरवली आणि पडवीत जाऊन मुलांना वाचून दाखवली. तिसऱ्या उत्तरावर काही मुलं नाराज झाली. पण पुढच्या बैठकीला काय विचारायचं, याची यादी त्यांनी त्याच संध्याकाळी सुरू केली.

तात्पर्य: मुलांना व्यासपीठावर बोलावून टाळ्या वाजवणं म्हणजे त्यांचं मत घेणं नव्हे. निर्णय होण्याआधी त्यांना विचारावं, निर्भयपणे बोलू द्यावं, आणि त्यांच्या म्हणण्याचं काय झालं ते कारणासह त्यांना सांगावं. उत्तर "नाही" असलं तरी चालेल, पण ते मिळालंच पाहिजे. कारण ज्याला उत्तर मिळतं, तो पुन्हा बोलतो.