नकाराचा अधिकार

2018 साली विजय मल्ल्यांच्या प्रत्यार्पणाच्या खटल्यात लंडनच्या न्यायाधीशांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या 12 नंबरच्या बराकीचा व्हिडिओ मागवला. भर दुपारी कोठडीत उजेड किती येतो, हे त्यांना पाहायचे होते. आपल्याकडे अनेकांना त्याचा राग आला. एका सार्वभौम देशाचा तुरुंग तपासणारे हे कोण? पण प्रत्यार्पणाच्या कायद्याचा सगळा जीव त्या मागणीत आहे. ज्या न्यायालयाच्या हद्दीत माणूस उभा आहे, ते विचारते की तुमच्याकडे याला न्याय मिळेल का, आरोप खरा आहे की राजकीय सूड, कोठडी माणसाला ठेवण्याजोगी आहे का. उत्तर पटले नाही तर ते नकार देऊ शकते. पलीकडे कितीही मोठी सत्ता असली तरी देऊ शकते. 2019 मध्ये हाँगकाँगचे लोक रस्त्यावर उतरले ते याच अधिकारासाठी, आणि तो त्यांच्या हातून कसा गेला हे समजून घेण्यासारखे आहे.

1984 च्या चीन-ब्रिटन करारानुसार हाँगकाँग 1 जुलै 1997 ला चीनकडे गेले, पण तिथली व्यवस्था 50 वर्षे तशीच राहील असे वचन होते. स्वतःची न्यायालये, इंग्रजी वळणाचा कायदा, अंतिम अपिलाचे न्यायालयही तिथलेच. हस्तांतराच्या तोंडावर झालेल्या फरारी गुन्हेगारविषयक कायद्याने करार असलेल्या देशांकडे आरोपी सोपवता येत असे. भारतानेही 1997 च्या जूनमध्ये असा करार केला. मात्र चीनचा उरलेला भाग या कायद्यातून वगळला होता. ज्या मुख्य भूमीत न्यायालये पक्षाच्या अधीन आहेत आणि फौजदारी खटल्यांत दोषी ठरण्याचे प्रमाण 99 टक्क्यांच्या वर आहे, तिथे माणूस पाठवायचा नाही, असा त्याचा परिणाम होता. हाँगकाँगच्या तेव्हाच्या मुख्य कार्यकारी, म्हणजे सरकारप्रमुख, कॅरी लॅम यांच्या सरकारने पुढे या तरतुदीला पळवाट म्हटले. माझ्या मते ती भिंत होती, आणि विचारपूर्वक बांधलेली होती.

ती पाडायला निमित्त मिळाले एका खुनाचे. 2018 च्या फेब्रुवारीत हाँगकाँगच्या एका तरुणाने ताइपेमध्ये आपल्या मैत्रिणीला मारले आणि तो घरी परतला. फरारी गुन्हेगारविषयक कायद्यात तैवान चीनचाच भाग धरला जात असल्याने तिकडे त्याला सोपवता येईना. मुलीच्या आईवडिलांचे दुःख खरे होते, पण सरकारने त्याच्या आधारे जो बदल मांडला तो तैवानपुरता नव्हता. चीनलाही आरोपी देता येणार होते. एकेका प्रकरणासाठी होणाऱ्या व्यवस्थेवरची विधिमंडळाची तपासणी निघणार होती. अर्जाला वाट देणारे मुख्य कार्यकारी, आणि त्यांना नेमणारे बीजिंग. तैवानने तर सांगून टाकले की आम्हाला चीनचा भाग धरून कोणी आरोपी देत असेल तर तो आम्ही घेणार नाही.

लोकांची भीती हवेतली नव्हती. 2015 च्या अखेरीस कॉजवे बेमधल्या एका पुस्तकाच्या दुकानाशी संबंधित पाच जण एकामागून एक नाहीसे झाले होते. चिनी नेत्यांविषयीची, मुख्य भूमीत बंदी असलेली पुस्तके तिथे मिळत. एक जण थायलंडमधून गेला, एक खुद्द हाँगकाँगमधून, आणि पुढे सगळे चीनच्या ताब्यात असल्याचे उघड झाले. कायदा नसताना हे होते, तर कायदा झाल्यावर काय होईल? 9 जून 2019 च्या मोर्चात आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे 10 लाख आणि 16 जूनला जवळपास 20 लाख माणसे होती. पोलिसांचे आकडे पुष्कळ कमी आहेत, तरी 75 लाखांच्या शहरात तेही थक्क करणारे आहेत.

23 ऑक्टोबरला विधेयक रीतसर मागे घेतले गेले. त्याच दिवशी तो तरुणही तुरुंगातून सुटला, कारण हाँगकाँगमध्ये त्याच्यावर फक्त मुलीच्या पैशांबाबत मनी लाँडरिंगचा गुन्हा लागू शकला होता. ताइपेतल्या खुनाचा खटला उभा राहिलाच नाही.

तोवर आंदोलन हिंसक झाले होते. पेट्रोल बॉम्ब फेकले जात होते, आणि पुढे नोव्हेंबरमध्ये डोक्यात वीट लागून 70 वर्षांचा एक सफाई कामगार मेला, वाद घालणाऱ्या एका माणसाला पेटवून दिले गेले. हे झाकून हाँगकाँगची बाजू मांडणे मला अप्रामाणिक वाटते. सुरक्षेचा कायदा करण्याचा हक्क प्रत्येक राज्याला आहे, आणि हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या 23 व्या कलमात तसे बंधनही आहे. पण ते कलम म्हणते की हा कायदा हाँगकाँगने स्वतः करायचा. 2003 मध्ये तसा प्रयत्न झाला, पाच लाखांच्या मोर्चानंतर सोडून द्यावा लागला.

2020 मध्ये बीजिंगने हाँगकाँगला विचारलेच नाही. 30 जूनला रात्री 11 वाजता राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला आणि त्याची 66 कलमे लोकांना तेव्हाच प्रथम वाचायला मिळाली. फुटीरता, सत्ता उलथवणे, दहशतवाद, परकीयांशी हातमिळवणी. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. खटल्याचे न्यायाधीश मुख्य कार्यकारींनी निवडलेल्या यादीतले, ज्युरी टाळण्याची मुभा, आणि जामीन हा अपवाद. चौथ्या कलमात मानवी हक्कांचा आदर करण्याचे वचन आहे. 55 वे कलम मात्र सांगते की काही परिस्थितींत खटला थेट मुख्य भूमीतली यंत्रणा चालवेल, तिथल्याच प्रक्रियेने. म्हणजे 20 लाख लोकांनी थांबवलेले प्रत्यार्पण मागच्या दाराने आले, आणि आधीच्या विधेयकात निदान हाँगकाँगच्या न्यायालयात एक सुनावणी तरी होती. हे कलम उघडपणे वापरल्याचे प्रकरण समोर आलेले नाही. मला वाटते, त्याची निकड राहिली नाही. माणूस सीमेपार नेण्याऐवजी सीमेपारचे नियमच हाँगकाँगच्या न्यायालयात आणून बसवले गेले.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. 1910 मध्ये लंडनला पकडलेल्या सावरकरांना मुंबईला आणले गेले ते 1881 च्या ब्रिटिश फरारी गुन्हेगार कायद्याखाली. तेव्हाही सार्वभौम सत्ता एकच होती आणि न्यायाच्या तऱ्हा दोन. खटला लंडनमध्येच चालावा म्हणून त्यांच्या बाजूने धडपड झाली, कारण तिथे ज्युरी होती. मुंबईत त्यांच्यासमोर बसले तीन न्यायाधीशांचे खास न्यायासन, ज्युरीशिवाय आणि अपिलाशिवाय. मार्सेलच्या बंदरातली उडी आपल्याला पाठ असते. लंडनच्या न्यायालयांनी त्यांना जाऊ दिले, हा भाग आपण कमी आठवतो. हाँगकाँगमध्येही सुरक्षेचे मोठे खटले आज तीन न्यायाधीशांपुढे, ज्युरीविना चालतात. आणि जामीन अपवाद झाला की खटल्याआधीच शिक्षा सुरू होते, हे भीमा-कोरेगाव प्रकरणात महाराष्ट्राने पाहिले आहे. फादर स्टॅन स्वामी 2021 च्या जुलैत कच्चे कैदी म्हणूनच गेले.

मुख्य भूमीतला खटला कसा असतो, तेही हाँगकाँगने पाहिले. 2020 च्या ऑगस्टमध्ये बोटीने तैवानकडे निघालेल्या 12 जणांना चिनी तटरक्षकांनी समुद्रात पकडून शेन्झेनमध्ये डांबले. घरच्यांनी नेमलेल्या वकिलांना भेटू दिले नाही, आणि त्यांपैकी दोघांची सनद पुढे गेली.

‘ॲपल डेली’ या वृत्तपत्राचे संस्थापक जिमी लाय यांना सुरक्षा कायद्याखालच्या खटल्यात आपल्या बचावासाठी ब्रिटिश वकील हवा होता. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगच्या अंतिम न्यायालयाने परवानगी कायम केली. सरकारने बीजिंगकडे धाव घेतली, आणि 30 डिसेंबरला तिथल्या संसदेच्या स्थायी समितीने कायद्याचा असा अर्थ लावला की अशा बाबतीत मुख्य कार्यकारींचे प्रमाणपत्र लागेल. वकील मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालय सरकारला नाही म्हणाले, तर तो नकार कसा पुसला जातो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला आठवत नाही.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, न्यूझीलंड, जर्मनी आणि अमेरिकेने 2020 मध्येच हाँगकाँगशी असलेले प्रत्यार्पण करार स्थगित केले. आता नकार बाहेरून येऊ लागला होता. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचे 38 वे कलम जगात कुठेही, कोणीही केलेल्या कृत्याला लागू होते, म्हणजे पुण्यात बसून लिहिणाऱ्यालाही. 2023 मध्ये परदेशी गेलेल्या आठ जणांवर प्रत्येकी 10 लाख हाँगकाँग डॉलरचे इनाम लावले गेले. 2024 च्या मार्चमध्ये 23 व्या कलमाखालचा स्थानिक कायदाही झाला. मांडल्यापासून 11 दिवसांत, 89 विरुद्ध शून्य मतांनी. राजद्रोहाची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून सात वर्षांवर गेली.

त्याच वर्षी लोकशाहीवादी 47 जणांच्या खटल्याचा निकाल लागला. 2020 च्या जुलैमध्ये त्यांनी उमेदवार ठरवण्यासाठी प्राथमिक निवडणूक घेतली होती, सहा लाखांवर लोकांनी मत दिले होते, आणि तोच सत्ता उलथवण्याचा कट ठरला. बहुतेकांनी निकालाआधीच तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला होता. 31 जणांनी गुन्हा कबूल केला, 14 दोषी ठरले. 45 जणांना चार ते दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. सरकारने निवडलेल्या त्या तीन न्यायाधीशांनी दोघांना मात्र निर्दोष सोडले. पुरावा पुरेसा नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या दोघांपैकी एकाच्या सुटकेविरुद्ध सरकारने अपील केले.