औदुंबर लावावा, पण कुठे?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो,

कारंजा ही श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांची जन्मभूमी. तेव्हा आपल्या वाशिम जिल्ह्यात दारी औदुंबर असावा असे पुष्कळांना वाटते, यात नवल नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी उंबराची रोपे वाटतो. तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : "भाऊ, गच्चीच्या भिंतीत उंबर निंघाला. देवाचं झाड, उपटू कसं? पाप लागन ना?"

मी म्हणतो, महाराज कुठे राहिले ते पाहा. औदुंबर क्षेत्री कृष्णाकाठी, नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगा संगमी, गाणगापुरी भीमा-अमरजा संगमी. उंबरही मुळात ओढ्या-नदीकाठचाच. जिथे ओल, तिथे त्याची मुळे. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत भूजलाच्या खुणा सांगितल्या आहेत, त्यांत उंबर आहे. असे पाणी शोधणारे झाड भिंतीत ठेवले तर फट रुंदावणारच. बी पाखराने टाकले, झाडाचा काय दोष? पण आपण आज हात जोडतो आणि दहा वर्षांनी भिंत फाटली की कुऱ्हाड लावतो. पाप असेल तर ते तिथे आहे.

म्हणून रोप वीतभर असतानाच, पावसाळ्यात भिंत भिजलेली असताना, नमस्कार करून मुळासकट अलगद काढा. पिशवीत जगवा. मग घर, विहीर आणि संडासाची टाकी यांपासून निदान ३० फूट लांब, न्हाणीचे पाणी जाते त्या बाजूला लावा. झाड ५० फुटांवर जाते, हे धरून चाला. फळे खोडालाच लगडतात. खाली सडा पडतो, माशा येतात, रोज झाडावे लागते. तीही सेवाच समजा. प्लॉट लहान असेल तर हट्ट नको. देवळाच्या आवारात किंवा नाल्याकाठी, विचारून लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला.

गुरुचरित्राच्या १९ व्या अध्यायात कथा आहे. हिरण्यकश्यपूला विदारल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला. ज्याने देवाला गारवा दिला, त्याला आपण धड उभे राहायला जागा देऊ नये?

आपल्या वयात त्याची पूर्ण सावली मिळेल, न मिळेल. पण नातवाच्या नावाने ठेव ठेवतो, तेव्हा तिचे व्याज आपण कुठे खातो? या दत्तजयंतीला जागा तेवढी नक्की करा. रोप मृगात लावू.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!